एकच नाव, दोन माणसे : स्मरणिका, फलक आणि व्याख्यानासाठी ओळख पक्की करण्याची रीत

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटके पाहणाऱ्या आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तके नेणाऱ्या वाचकाची 'भावे' या आडनावाशी दोन ठिकाणी गाठ पडते. नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे ते विष्णुदास, म्हणजे विष्णु अमृत भावे, यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८९३ मध्ये ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय उभे करणारे आणि 'महाराष्ट्र सारस्वत' हा वाङ्मयेतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) हे त्यांच्या मागून दोन पिढ्यांनी आले. याच आडनावाचे तिसरे गृहस्थ पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेले विनायक नरहरी भावे, अर्थात आचार्य विनोबा. एखाद्या जुन्या कात्रणात 'विनायक भावे' एवढेच छापलेले असेल, तर नाव आणि आडनाव दोन्ही जुळूनही ते कात्रण ग्रंथसंग्रहालयाच्या इतिहासात घालावे की भूदानाच्या, हे त्या दोन शब्दांवरून ठरत नाही.

गृहसंकुलाच्या वर्धापनदिनाची पुस्तिका, उत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेचा प्रकल्प, चौकातला नामफलक किंवा जयंतीचे छोटेखानी भाषण अशी कामे ठाण्यापासून पनवेलपर्यंत वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पडतच असतात. ती करणारी माणसे बहुधा इतिहासाची अभ्यासक नसतात, हाती वेळ थोडा असतो आणि मजकूर तर छापखान्यात जायचा असतो. पुढील रीत अशांसाठी आहे. तिचे सूत्र असे की कोणतेही ऐतिहासिक नाव कागदावर उतरवण्यापूर्वी त्याला एक काळाचा आणि एक नात्याचा असे दोन दुवे जोडून पाहावेत. नाते पित्याशी, पतीशी, गादीशी किंवा संस्थेशी, कशाशीही असेल, परंतु ते काळाच्या दुव्याहून स्वतंत्रपणे सिद्ध झालेले असावे. एकच दुवा मिळाला असेल तर काम अर्धेच झाले आहे असे समजावे.

नावे मुळात का जुळतात

आजोबांचे किंवा काकांचे नाव घरातल्या मुलाला ठेवण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे, आणि गादीवरच्या घराण्यांत तर ती फारच ठळकपणे दिसते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी, आणि त्या बाळाजींचे धाकटे बंधू रघुनाथराव यांचे पुत्र पुन्हा बाजीराव, असा पेशव्यांच्या वंशावळीचा क्रम आहे. भोसले घराण्यात शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या मोहिमेत पडले आणि त्यानंतर जन्मलेल्या आपल्या थोरल्या पुत्राचे नाव शिवाजी महाराजांनी संभाजी ठेवले. पुढे राजाराम महाराजांच्या दोन पुत्रांची नावे शिवाजी आणि संभाजी अशीच होती. म्हणून १७३१ च्या वारणेच्या तहाच्या संदर्भात 'संभाजी' हे नाव वाचले की ते कोल्हापूरच्या गादीवरील, राजसबाईंच्या पोटी जन्मलेल्या संभाजीराजांचे आहे हे उमगले पाहिजे. छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान त्याआधी बेचाळीस वर्षे, १६८९ मध्ये झाले होते.

यावरून पहिले काम कोणते ते कळते. हाती आलेले नाव कोणाचे, याचा निकाल लगेच लावू नये. त्या नावाची जेवढी माणसे सापडतील तेवढी एका कोऱ्या पानावर, आपल्या विषयाशी संबंध असो वा नसो, लिहून काढावीत. 'मोरोपंत' असे नाव असेल तर शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे, 'केकावली'चे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे असे तिघे तरी त्या पानावर यावेत. 'कान्होजी' असेल तर स्वराज्याच्या आरंभकाळातील कान्होजी जेधे आणि आरमाराचे कान्होजी आंग्रे हे दोघे यावेत. हे पान भरायला फार वेळ लागत नाही, आणि ते नजरेसमोर असले म्हणजे आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाकडे मन आपोआप धावत नाही. माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका याच धावण्यातून होतात, कारण कमी प्रसिद्ध माणसाचे कर्तृत्व अधिक प्रसिद्ध माणसाच्या खात्यावर जमा होऊन बसते.

काळाचा दुवा : ठाण्याच्या किल्ल्याचे उदाहरण

काळ हा सर्वांत भरवशाचा दुवा आहे, आणि तो कसा वापरावा हे पाहायला ठाण्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. आज मध्यवर्ती कारागृह असलेल्या ठाण्याच्या किल्ल्याविषयीच्या एखाद्या टिपणात 'छत्रपती शाहू, बाजीराव पेशवे आणि चिमाजी आप्पा यांच्या काळात' असे शब्द आले आहेत असे समजा. तीन-तीन नावे एकत्र आल्यामुळे ओळख पक्की झाली असे कोणालाही वाटेल, आणि मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले त्या प्रसंगाचे ते टिपण असेल तर तसे वाटणे बरोबरही ठरेल. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर संभाजी महाराजांचे पुत्र शाहू (१६८२–१७४९) होते, पेशवेपद बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव (१७००–१७४०) यांच्याकडे होते आणि उत्तर कोकणची ही मोहीम त्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा चालवीत होते. तिचा शेवट मे १७३९ मध्ये वसईच्या विजयाने झाला.

मात्र साठ वर्षांनी हीच तीन नावे जवळजवळ त्याच जागांवर पुन्हा दिसतात. १७९६ मध्ये साताऱ्याच्या गादीवर जे शाहू होते ते १७७७ ते १८०८ या काळातले दुसरे शाहू. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर त्या वर्षी काही काळ पेशवेपदावर बसवले गेलेले चिमाजी आप्पा हे रघुनाथरावांचे पुत्र, आणि वर्षाखेरीस पेशवे झालेले बाजीराव (१७७५–१८५१) हे त्यांचे थोरले बंधू. दोन्ही जोड्यांत थोरला भाऊ बाजीराव आणि धाकटा चिमाजी आप्पा, आणि दोन्ही वेळा छत्रपतींचे नाव शाहू! अशा ठिकाणी नाते आणि पद हे दोन्ही दुवे एकदम निकामी होतात. मजकुरातल्या घटनेचे साल शोधून काढल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आणि घटनांचीही या किल्ल्याला वाण नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा पेशवेपद वर्षाच्याही आतल्या सवाई माधवरावांच्या नावाने चालले होते, म्हणजे त्या वर्षीच्या कोणत्याही कागदात 'बाजीराव पेशवे' असे वर्तमानकाळी येणे शक्यच नाही. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या प्रकरणात इंग्रजांच्या ताब्यात दिले गेलेले त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये तेथून निसटले. ते ज्यांचे कारभारी होते ते बाजीराव दुसरे. म्हणजे एकाच वास्तूच्या इतिहासात दोन्ही बाजीराव येतात, आणि 'बाजीरावांच्या वेळी ठाण्याच्या किल्ल्यात' अशा वाक्यारंभानंतर जिंकलेला किल्ला येईल की पळालेला कैदी, हे सालावाचून सांगता येत नाही.

साल मिळाले तरी ते कोणत्या गणनेतले आहे ते पाहावे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात; मराठी दप्तरातील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजला जातो. गणना चुकली की एकच माणूस दोन वेगळ्या काळांत दिसू लागतो आणि मग भोळेपणाने त्याची दोन माणसे केली जातात.

पित्याचे नाव : मोठा आधार, पण पुरेसा नव्हे

मराठी नावाची ठेवण अशी की मधले नाव पित्याचे असते, आणि त्यामुळे निम्मे कोडे तिथेच सुटते. बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ, माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण असे लिहिले की 'पहिला' नि 'दुसरा' यांची गरजच उरत नाही. मला तर हे क्रमांक शक्यतो टाळावेत असेच वाटते. ते त्या काळच्या कागदांत नसतात, इतिहासकारांनी मागाहून सोयीसाठी लावलेले असतात, आणि सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर कोणाची मोजणी कोठून सुरू करायची यावर ते बदलतात. ताराबाईंचे पुत्र शिवाजी यांना सलग वंशक्रमात 'दुसरे शिवाजी' म्हणतात. कोल्हापूरच्या गादीवर मात्र पुढे १७६२ ते १८१३ या काळात आणखी एक शिवाजी होऊन गेले. क्रमांक वापरायचाच असेल तर गादीचे गाव आणि कारकिर्दीची वर्षे त्याला जोडूनच वापरावा.

तरीही पित्याच्या नावावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. 'बाळ गंगाधर' म्हटले की लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) डोळ्यांसमोर उभे राहतात, पण ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हेही बाळ गंगाधरच होते, आणि १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झालेले बा. गं. खेर हेही तेच. त्यांपैकी दोघे वृत्तपत्रकार, त्यामुळे 'बाळ गंगाधर यांनी वृत्तपत्र काढले' या वाक्यात नाव, पिता आणि व्यवसाय असे तीन दुवे असूनही ते अर्धवटच राहते. 'दर्पण' आणि 'केसरी' यांच्यात एकोणपन्नास वर्षांचे अंतर आहे एवढेच काय ते मदतीला येते. तसेच दुसरे नाव गणेश वासुदेव हे. १८७० मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या स्थापनेत पुढे असलेले 'सार्वजनिक काका' म्हणजे गणेश वासुदेव जोशी, तर लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब म्हणजे गणेश वासुदेव मावळणकर. येथे आडनाव गाळण्याची चैन परवडणारी नाही.

आद्याक्षरांची गोष्ट याहून नाजूक आहे. नवी मुंबईत 'दिबा' म्हटले की जासईचे लोकनेते दिनकर बाळू पाटील यांच्याखेरीज दुसरे नाव कोणाच्या मनात येत नाही. मराठी कथेच्या वाचकाला मात्र दि. बा. म्हणजे दिगंबर बाळकृष्ण मोकाशी आठवतात. ना. धों. म्हणजे कवितेत नामदेव धोंडो महानोर आणि बालसाहित्यात नारायण धोंडो ताम्हनकर. वि. ल. भावे आणि वि. न. भावे यांच्यात तर एकाच अक्षराचा फरक आहे, आणि मुद्रितशोधनात नेमके असेच अक्षर निसटते. म्हणून मजकुरात आद्याक्षरे ठेवायची असली तरी आपल्या कच्च्या टिपणात ती नेहमी उलगडून ठेवावीत.

स्त्रियांची नावे अधिक निगुतीने पाहावीत

या विषयात सर्वांत जास्त घोटाळे स्त्रियांच्या बाबतीत होतात, आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. लग्नात नाव बदलत असे, मधले नाव पित्याचे जाऊन पतीचे येई, आणि जुन्या लिखाणात आडनाव न देता 'अमुकबाई' एवढ्यावरच भागवले जाई. 'रमाबाई' हे एकच नाव घेऊन पाहा. माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन उभारले. रमाबाई रानडे यांनी पुण्याचे सेवासदन वाढवले आणि १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई १९३५ मध्ये निवर्तल्या; त्यांना लोक 'रमाई' म्हणतात आणि त्या एका संबोधनाने त्यांची ओळख इतर सर्व रमाबाईंपासून आपोआप वेगळी राहते.

पहिल्या आणि शेवटच्या रमाबाईंविषयी काळावरून निकाल लागतो. अवघड जागा मधल्या दोघींची आहे, कारण १८८२ मध्ये त्या दोघीही पुण्यात होत्या, दोघीही स्त्रीशिक्षणाच्या कामात होत्या, आणि पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात रमाबाई रानडे यांचाही सहभाग होता. काळ, गाव, विषय आणि संस्था असे सगळे जुळून येते. अशा वेळी नात्याकडे आणि हालचालींकडे वळावे. पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्येच वारले होते, त्यामुळे 'पतीच्या प्रोत्साहनाने शिकलेल्या' असा उल्लेख पुण्याच्या संदर्भात आला की तो न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीचा असण्याची शक्यता अधिक. १८८३ मध्ये पंडिता इंग्लंडला गेल्या आणि तेथून पुढे अमेरिकेला; म्हणून १८८४ ते १८८८ या वर्षांत पुण्यातल्या सभेत प्रत्यक्ष बोललेल्या रमाबाई त्या नव्हेत. माणूस त्या दिवशी कोठे नव्हता हे दाखवता आले, की तो कोठे होता याचा पुरावा शोधण्याचे कष्ट पुष्कळदा वाचतात.

माहेरचे नाव शोधले म्हणजे सगळे सुटेल असेही मानू नये. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना, आणि कल्याणात वाढलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचेही माहेरचे नाव यमुनाच. 'आनंदीबाई' या नावाखाली तर नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रकरणात जिचे नाव घेतले जाते ती रघुनाथरावांची पत्नी, फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई, आणि महर्षी कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई कर्वे, अशा तिघीजणी येतात. ठाणे जिल्ह्याविषयी लिहिताना कल्याणच्या आनंदीबाईंना 'डॉ.' किंवा 'जोशी' यांपैकी एक तरी शब्द कायम चिकटलेला असावा.

संतांच्या मांदियाळीतही हीच काळजी घ्यावी. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई आणि राजाराम महाराजांच्या मातोश्री सोयराबाई, ज्ञानदेवांच्या भगिनी मुक्ताबाई आणि अहिल्याबाई होळकरांच्या कन्या मुक्ताबाई यांच्यात शतकांचे अंतर आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या आणि १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणाऱ्या मुक्ताबाई या आणखी तिसऱ्या, आणि 'मुक्ताबाईंनी लिहिले' असे म्हटले की अभंग की निबंध हे सांगावेच लागते.

पदव्या आणि घरगुती नावे

लोकांनी प्रेमाने दिलेली पदवी माणसाला वेगळा करते असा समज आहे. तो निम्माच खरा आहे. वाशीच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९). नाशिकचे दादासाहेब गायकवाड (१९०२–१९७१) यांनाही 'कर्मवीर' ही पदवी आहे आणि त्यांचेही मूळ नाव भाऊरावच. म्हणजे पदवी अधिक नाव इतके सगळे लिहूनही आडनावावाचून वाक्य अपुरे राहते. 'नानासाहेब पेशवे' या दोन शब्दांची गतही तीच: १७६१ मध्ये पानिपतानंतर काही महिन्यांत वारलेले बाळाजी बाजीराव हेही नानासाहेब पेशवे, आणि दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, १८५७ च्या उठावातले धोंडोपंत हेही नानासाहेब पेशवे. स्मरणिकेत या दोघांपैकी पहिल्यांचे 'छायाचित्र' छापण्याचा मोह कोणाला झाला तर त्याला एवढेच सांगावे की त्यांच्या मृत्यूच्या वेळी जगात छायाचित्रणाची कला जन्मलेलीच नव्हती.

'अण्णासाहेब' या नावाला तर ऐकणाऱ्याप्रमाणे माणूस बदलतो. नाट्यरसिकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर, स्त्रीशिक्षणाचे अण्णासाहेब कर्वे, आणि तुर्भ्याच्या बाजारातल्या माथाडी कामगाराला विचारले तर अण्णासाहेब पाटील. यातल्या कर्वे यांच्या बाबतीत ठाण्यात विशेष सावध राहावे. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांपैकी कृष्णाजी गोपाळ यांना सहकारी 'अण्णा कर्वे' म्हणत. धोंडो केशव कर्वे यांनाही लोक अण्णाच म्हणत, आणि ते त्या वेळी पुण्याजवळ हिंगण्याच्या आश्रमाचे काम पाहत होते व पुढे १९६२ पर्यंत जगले. याच प्रकरणाच्या कागदांत 'विनायक' हे नाव देशपांडे यांचेही आहे आणि सावरकरांचेही. सावरकरांना मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झाली होती, तेव्हा त्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात असलेले विनायक हे देशपांडेच. हुतात्म्यांविषयी लिहिताना तिघांचीही पूर्ण नावे लिहावीत. जागा कमी पडली तर विशेषणे कमी करावीत.

उलट प्रकार : एकच माणूस, दोन नावे

एका नावाची दोन माणसे वेगळी करण्याच्या भरात एका माणसाची दोन करू नयेत. दत्तकविधानात नाव बदलते हे यातले मुख्य कारण. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन शाहू झाले, तेच राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२). बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) हे दत्तकापूर्वीचे गोपाळराव. राजर्षींच्या बालपणाविषयीच्या कागदात 'यशवंतराव' दिसले म्हणून त्यांना कोणी भाऊबंद ठरवू नये. टोपणनावांची अडचण त्या मानाने किरकोळ आहे, कारण लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, किंवा कवितेतले गोविंदाग्रज, विनोदातले बाळकराम आणि तलावपाळीच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे ते राम गणेश गडकरी हे एकच, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते.

अभंगांच्या बाबतीत हौशी लेखकाने निकाल देण्याच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संत नामदेव आणि त्यांच्यानंतर सुमारे अडीच शतकांनी झालेले विष्णुदास नामा यांच्या रचना नाममुद्रेच्या सारखेपणामुळे जुन्या गाथांमध्ये एकमेकींत मिसळल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या करण्यात मोठमोठ्या संशोधकांची हयात गेली आहे. ज्या छापील गाथेतून अभंग घेतला तिचे नाव आणि अभंगाचा क्रमांक द्यावा, म्हणजे आपली जबाबदारी पार पडते.

कोठे पाहावे आणि कसे लिहावे

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करावी. तो आता संगणकावर मोफत वाचता येतो, नोंद आडनावापासून सुरू होते आणि पूर्ण नावापाठोपाठ जन्म-मृत्यूच्या तारखा मिळतात, म्हणजे आपल्याला हवे असलेले दोन्ही दुवे एका ओळीत सापडतात. पेशवाईच्या आधीच्या किंवा पेशवाईतल्या व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश हाताशी असावेत. एका नावाखाली अनेक व्यक्ती लागोपाठ दिलेल्या असल्यामुळे ते कोरे पान भरायला त्यांच्याइतके सोयीचे साधन नाही. स्थानिक घटनेचे साल हवे असेल तर १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे भाग पाहावेत, मात्र ते इंग्रजीत असल्यामुळे नावांची रूपे डोळ्यांत तेल घालून वाचावीत आणि शक्य असल्यास मराठी ग्रंथात पडताळावीत. रस्त्याच्या किंवा चौकाच्या नुसत्या आडनावाच्या फलकाचा उलगडा मात्र पुस्तकांत होत नाही. तो नामकरणाच्या महापालिकेच्या ठरावातच होतो, कारण नाव देणाऱ्यांच्या मनात कोण होते हा प्रश्न तेथे असतो. ठरावाची प्रत मागवायला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करावे.

प्रत्येक नावासाठी एक छोटी नोंद करून ठेवावी. उदाहरणार्थ: 'रमाबाई रानडे. माहेरच्या यमुना कुर्लेकर. पती न्या. महादेव गोविंद रानडे. पुणे, सेवासदन. वेगळ्या: पंडिता रमाबाई (१८५८–१९२२, १८८३ पासून काही वर्षे परदेशी).' या नोंदीतला खरा उपयोगी भाग शेवटचा आहे. आपण कोणापासून वेगळे केले आणि कशाच्या आधारे, हे लिहिलेले असले की पुढच्या वर्षी स्मरणिकेचे काम दुसऱ्याकडे गेले तरी तेच कोडे त्याला पुन्हा सोडवत बसावे लागत नाही.

मजकुरात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि कंसात वर्षे द्यावीत, आणि पुढे लहान रूप वापरायचे असेल तर सबंध लेखात एकच ठेवावे; एका परिच्छेदात 'नानासाहेब' आणि दुसऱ्यात 'बाळाजी' असे केल्यास वाचक तिसराच माणूस शोधू लागतो. एकाच लेखात दोन समनामी येत असतील तर त्यांची भेट एका वाक्यात घालून द्यावी, उदाहरणार्थ 'येथून पुढे बाजीराव म्हणजे रघुनाथरावांचे पुत्र', आणि मग विशेषणांचा भार टाकून द्यावा. भाषणात कंस ऐकू येत नाहीत. तेथे नात्याचा दुवाच तोंडी सांगावा, कारण श्रोत्याला सालापेक्षा 'चिमाजी आप्पांचे थोरले बंधू' हे अधिक चटकन कळते, अर्थात कोणते चिमाजी आप्पा हे आधी सांगितलेले असेल तर. चित्राखालची ओळ, अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठावरचा मजकूर हे तीन भाग बहुधा वेगळ्या हातांनी तयार होतात. म्हणून छपाईपूर्वीच्या शेवटच्या प्रतीत संगणकावर प्रत्येक नाव शोधून ते या तिन्ही ठिकाणी लेखातल्यासारखेच आले आहे का ते पाहावे. फलकाच्या बाबतीत ही तपासणी अक्षरे कोरणाऱ्याकडे मजकूर जाण्याच्या आधी, त्याच्याकडे जाणाऱ्या कागदावरच करून त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.